मामंजींची गादी

आमच्या मुलुंडच्या घरात गादी एकच होती आणि ती मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची होती. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता मी तिच्या कडेला टेकले आणि गॅलरीतून आवाज आला, "ऊठ. ती बसायची जागा नाही." त्या काळी सासरा सुनेवर असा थेट ओरडत नसे. तो सासूला सांगे आणि सासू सुनेला. पण गादीचा प्रश्न आला की मामंजी रीतभात विसरत.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. पुढच्या खोलीत मामंजींची लोखंडी खाट, खाटेवर ती गादी. खाटेच्या खाली, अगदी लगटून, सासूबाईंची चटई. आतल्या स्वैपाकघरात आम्ही नवराबायको, एका सतरंजीवर. फरशी शहाबादी. पलीकडे मिठागरं असल्यामुळे हवेला कायम ओल, आणि ती ओल सगळी त्या फरशीत उतरायची. मी माहेरी गादीवर वाढलेली मुलगी. पहिले काही महिने सकाळी उठताना माझं कंबरडं जागेवर यायला वेळ लागे, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते असं म्हणतात. ते म्हणणारे बहुतेक गादीवर झोपणारे असावेत.

मामंजी फोर्टातल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे वाक्य ते रोज कोणाला ना कोणाला ऐकवत. स्वतःचं अंथरूण मात्र त्यांनी पाय मोजून करून घेतलं होतं. त्याची हकिगत सासूबाईंनी मला तांदूळ निवडताना सांगितली. निवृत्त झाल्यावर त्यांची पाठ धरू लागली, तेव्हा आधी त्यांनी काथ्याची गादी आणली. ती टोचली. मग सावरीच्या कापसाची केली. तिच्यात ते इतके खोल रुतत, की सकाळी उठायला हात द्यावा लागे. शेवटी भांडुपचा पिंजारी बोलावून साध्या कापसाची गादी करायची ठरली. पिंजारी अंगणात धनुकली घेऊन बसला आणि मामंजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून. कापसाची मूठ न् मूठ त्यांनी हातात घेऊन पाहिली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं गादीपाटाचं कापड स्वतः बाजारात जाऊन आणलं. टाके घालून झाल्यावर गादीवर आडवे होऊन पाहिलं, आणि दोन टाके उसवून पुन्हा घालायला लावले.

"मग ती काथ्याची न् सावरीची कुठे गेली?" मी विचारलं.

"सावरीच्या उशा केल्या त्यांना. काथ्याची कांदिवलीला भाऊजींकडे धाडली."

भाऊजी म्हणजे मामंजींचे चुलतभाऊ, माझे कांदिवलीचे चुलत सासरे. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

"तुम्हांला नाही दिली?"

"मी मागितली होती," सासूबाई म्हणाल्या. "हे म्हणाले, बाईमाणसाला गादीची सवय लागली की घराची वाट लागते. पहाटे उठवत नाही."

आणि मग त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांना एक गादी दिली होती. ती खाटेखाली वळकटी करून बांधून ठेवलेली असे, पाहुणे आले की निघे. नव्या कापसात थोडा जुना पिंजून घातला की गादी गोळे धरत नाही असं पिंजाऱ्यानं म्हटलं, आणि घरात जुना कापूस तेवढाच होता. सासूबाई स्वैपाक करत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांची गादी उसवून झाली होती.

हे सांगताना त्या रडल्या वगैरे नाहीत. खडा काढून बाजूला टाकावा तसं सांगितलं आणि सुपातले तांदूळ पाखडायला घेतले.

सासूबाई मला आवडत नव्हत्या, हेही सांगून टाकते. जीभ तिखट, हात आखडता, तोंड सदा आंबलेलं. भाजीत मीठ जास्त झालं तर माझं माहेर काढत, कमी झालं तरी माहेरच काढत. पण मी त्यांच्याबरोबर दिवसभर असायची, म्हणून मला दिसायचं. चटईवर त्यांना झोप लागत नसे. या कुशीवर खुब्याचं हाड फरशीला लागे, त्या कुशीवर खांदा. उताणं झोपावं तर ओलीनं खोकला उठे, आणि खोकला उठला की वरून मामंजी म्हणत, "जरा बाहेर जाऊन खोक." मग त्या गॅलरीत जाऊन बसत. दिवसा चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगत. एकदा तशाच पेंगताना पदर निखाऱ्यात गेला आणि मी ओढला म्हणून वाचल्या. त्यावर मलाच ओरडल्या, पदर फाटला म्हणून. वर्षानुवर्षं झोप न झालेलं माणूस कसं होतं ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. ते वाईट नसतं, पण वाईटासारखंच वागतं, आणि सुनेला दोन्ही सारखंच.

एके वर्षी पावसाळा सरता सरता मामंजी न्हाणीघरात पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आम्ही त्यांना गादीवर आणून ठेवलं. डॉक्टर आले, तपासलं, आणि म्हणाले, "गादी चांगली आहे, हे एक बरं आहे. नाहीतर पाठीला जखमा होतात." मामंजींचे डोळे तेव्हा उघडे होते. त्यांना ते ऐकून समाधान वाटलं असावं, निदान मला तसं दिसलं.

नवरात्रात एका सकाळी त्यांचा श्वास घरघरायला लागला. आमच्या ह्यांनी निरोप पाठवला आणि दुपारपर्यंत कांदिवलीचे काका हजर झाले. काकांचा लौकिक असा, की त्यांनी बरीच माणसं पोचवलेली. कोणाच्या घरी शेवटची वेळ आली की काकांना बोलावणं जाई, आणि ते धोतराचा सोगा खोचून सगळं यथासांग करत. त्यांनी नाडी धरली, नाकपुड्यांकडे पाहिलं, पायाचे अंगठे चाचपले, आणि म्हणाले, "घटकाभराचा खेळ आहे. खाली घ्या."

मरणाऱ्या माणसाला गादीवर जाऊ द्यायचं नाही, जमिनीवर घ्यायचं, ही आमच्यातली रीत. गादीवर गेला तर जीव कापसात घुटमळतो म्हणतात. शिवाय ती गादी घरात ठेवता येत नाही, हेही आहेच. मी फरशी शेणानं सारवली, काकांनी दर्भ आणि तीळ टाकले, वर घोंगडी. ह्यांनी आणि काकांनी मिळून मामंजींना खाली घेतलं. देवघरातला गंगेचा गडू फोडला. तुळशीचं पान, गंगाजळ, सगळं झालं. काकांनी मोठ्यानं नाव घ्यायला सुरुवात केली. आम्ही सगळे भोवती बसून राहिलो.

घटका झाली. दिवेलागण झाली. घरघर हळूहळू कमी झाली, आणि आम्हांला वाटलं, संपलं. पण ती थांबली होती ती मामंजींना उतार पडला म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चमचाभर दूध गिळलं. संध्याकाळी पेज. डावा हात उचलून ते खाटेकडे बोट दाखवायला लागले. काकांनी तो हात धरून पुन्हा घोंगडीवर ठेवला. "माया सुटत नाही," ते म्हणाले.

डॉक्टर आले आणि भडकले. "यांना खाली का ठेवलंय? आत्ताच्या आत्ता गादीवर घ्या!"

काका म्हणाले, "एकदा खाली घेतलेला माणूस परत वर घेत नाहीत. घेतला तर तो घरातलं दुसरं माणूस घेऊन जातो."

"मग गादी खाली घाला."

"अंगाखाली कापूस नको, म्हणून तर खाली घेतलं."

डॉक्टरांनी पिशवी उचलली. "पाठ सडेल त्यांची. मग मला बोलावू नका," म्हणाले आणि चपला घालून गेले.

आमचे हे मधल्या मध्ये उभे. बी.ए. झालेले, कचेरीत साहेबाशी इंग्रजी बोलणारे. पण घरातलं दुसरं माणूस म्हणताना काकांनी माझ्याकडे पाहिलं होतं, आणि मला तेव्हा दिवस गेले होते. ह्यांनी आईकडे पाहिलं. "आई, तू सांग. काय करायचं?"

त्या घरात सासूबाईंना कोणी काही विचारल्याचं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. काय भाजी आणायची हेसुद्धा मामंजी ठरवत. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. खाली मामंजी त्यांच्याकडे बघत होते, डावा हात पुन्हा खाटेकडे गेला होता. सासूबाईंनी तो हात बघितला. मग गादी बघितली.

"शास्त्र मोडू नका," त्या म्हणाल्या.

काका कांदिवलीला परत गेले, हे कचेरीत जाऊ लागले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. "जरा हात लाव गं." आम्ही दोघींनी गादी उचलून अंगणात उन्हात टाकली. त्यांनी काठीनं ती झोडपली, उलटी केली, पुन्हा झोडपली. दुपारी आम्ही ती आत आणून खाटेवर घातली. धुतलेली चादर पसरली. मला वाटलं, आता झाकून ठेवणार. सासूबाईंनी पदर कमरेला खोचला, खाटेच्या कडेला बसल्या, एक पाय वर घेतला, मग दुसरा. आणि आडव्या झाल्या.

"माझ्या बापाचा कापूस आहे ह्यात," त्या छताकडे बघून म्हणाल्या. माझ्याशी बोलल्या की खालच्या माणसाशी, कोण जाणे.

त्या झोपल्या त्या दिवे लागले तरी उठल्या नाहीत. तोंड उघडं, घोरणं स्वैपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. हे कचेरीतून आले, दारातच थबकले. "आईला बरं नाही का?"

"झोपल्यात," मी म्हटलं.

ते बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांनी जन्मात कधी आईला झोपलेलं पाहिलं नव्हतं. हे झोपल्यावर ती झोपायची आणि हे उठायच्या आत उठायची.

मामंजी मात्र जागे होते. खाटेच्या बाजूनं सासूबाईंचा हात खाली लोंबत होता, त्यांच्या तोंडाच्या वर जेमतेम वीतभर. ते त्या हाताकडे बघत होते. पुढे त्यांनी एक शोध लावला. डाव्या हाताच्या बोटातली अंगठी खाटेच्या लोखंडी पायावर आपटायची. टण, टण, टण. सासूबाई वरून वाकून बघत. "काय हवंय? पाणी? नको? मग?" मामंजी गादीकडे बोट करत. "ते नाही हो मिळायचं. शास्त्र आहे. मी काय करू?" एकदा तर म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." मला हसू आलं. मी आत जाऊन तोंडावर पदर धरून हसले.

थोड्याच दिवसांत सासूबाई ओळखू येईनात. डोळ्यांखालची सूज उतरली. खोकला मागे पडला. भाजी खारट झाली तर म्हणायच्या, "असू दे, ताक घाल थोडं." त्यांना स्वप्नं पडायला लागली आणि ती त्या मला सकाळी चहा पिताना सांगत. एकदा स्वप्नात त्या माहेरी, मनोरीला, खाडीत पाय सोडून बसल्या होत्या आणि कोणी त्यांना ऊठ म्हणत नव्हतं. माझ्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू काय, आळीव काय, सगळं त्यांनी तेव्हाच ठरवलं. माझ्या वाट्याला सासू आली ती त्या दिवसांत, खरं सांगायचं तर.

मामंजींची सेवाही त्यांनी अशी केली की मुलुंडभर नाव झालं. तासातासाला कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं, जखमा झाल्या त्या कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायच्या. मोसंब्याचा रस, मऊ भात, लिंबाचं सरबत, चमच्या चमच्यानं, न कंटाळता. मामंजी तोंड मिटून घेत. त्या गाल दाबून तोंड उघडत आणि चमचा घालत. शेजारणी यायच्या, बघायच्या, डोळे पुसायच्या. "पतिव्रता असावी तर अशी हो," एक जण मला म्हणाली. "आजकाल कोण करतं एवढं!"

मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "किती करता तुम्ही. ते खातही नाहीत धड. त्यांना सुटायचंय."

"सुटायचंय तर सुटायचंय. मी सोडायला हवं ना," त्या म्हणाल्या. रसाचा पेला माझ्या हातात देऊन त्या माझ्या जवळ आल्या. "तुला कळत नाही का गं? हे आहेत तोवर मी ह्या गादीवर आहे. हे गेले की मी कोण? विधवेला कोणी गादीवर झोपू देतं का? ह्यांना अजून खूप जगवायचंय मला."

खाली मामंजींचे डोळे उघडे होते. वाचा गेली होती, कान शाबूत होते. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला वाटलं, ऐका, इतकी वर्षं तुम्ही ऐकवलंत.

दिवाळी झाली. थंडी पडली. मुलुंडची थंडी ती काय, पण फरशीला पुरेशी असते. मामंजींच्या छातीत कफ धरला. सासूबाईंनी शेगडी पेटवून शेजारी ठेवली, ओव्याची पुरचुंडी शेकली, घरातली सगळी पांघरुणं त्यांच्या अंगावर घातली. अंगावर हवं तेवढं घातलं, अंगाखाली काही नाही. डॉक्टरांकडे स्वतः गेल्या. ते आधी यायला तयार नव्हते, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून घेऊन आल्या. डॉक्टरांनी सुई दिली आणि ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "गादीवर असते तर अजून काही वर्षं काढली असती. पण हे तुम्हांला सांगून काय उपयोग!"

मामंजी गेले तेव्हा सासूबाईंनी जो टाहो फोडला तो मी अजून विसरलेले नाही. छाती बडवून घेतली, भिंतीवर डोकं आपटायला गेल्या. सगळ्या बायका रडायला लागल्या. त्यांना वाटलं, नवऱ्यासाठी. मीही रडले. मला ठाऊक होतं त्या कशासाठी रडतायत, आणि ते ठाऊक असल्यामुळे मला जास्त रडू आलं. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. त्या रात्रीपासून चटई.

दिवसवार काकांच्या देखरेखीखाली झाले. शेवटी त्यांनी शय्यादान काढलं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर अंथरूण मिळावं म्हणून गादी, उशी, पांघरूण, छत्री, जोडे ब्राह्मणाला द्यायचे. हे म्हणाले, "नवीन गादी करून घेऊ या."

"नवीन कशाला?" काका म्हणाले. "त्यांचा जीव ह्याच गादीत अडकला होता, म्हणून तर एवढे रखडले. हीच द्या. सुटतील."

गादी गॅलरीत मांडली. भटजी आले. संकल्प सोडायची वेळ झाली आणि सासूबाई आतून आल्या. लाल आलवण, बोडकं डोकं पदरात घट्ट झाकलेलं. केस काढायचा आग्रह काकांचाच. घरात तसा रिवाज जवळजवळ उरला नव्हता, पण ह्यांनी नको म्हटलं नाही. त्या आल्या आणि गादीच्या मधोमध बसल्या.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. सासूबाई भटजींकडे वळल्या. "तुम्ही झोपणार का हिच्यावर?"

भटजी तरुण होते, गोंधळले. "नाही, आई. शय्यादानाच्या गादीवर आमच्याकडे कोणी झोपत नाही. बाजारात गादीवाल्याला देऊन टाकतो."

"म्हणजे विकता."

"हो. रीतच आहे ती."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. सगळ्यांसमोर, अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "मग त्याच्याकडून विकत घे ना रे माझ्यासाठी. शास्त्रही होईल आणि मला गादीही होईल. मला खाली झोप लागत नाही."

आमचे हे दुष्ट नव्हते. आईवर त्यांचा जीव होता. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं, तेवढंच. "आई," ते म्हणाले, "आता तुला गादी कशाला?"

त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं. सासूबाई उठल्या. गादीवरची सुरकुती त्यांनी तळहातानं साफ केली आणि आत गेल्या. दुपारी भटजींनी हातगाडी आणली.

मी त्याच संध्याकाळी ह्यांना सांगितलं, की माझ्या बाळंतपणाच्या आत मला गादी हवी, आणि ती माझी म्हणून हवी. मी भांडले, जेवले नाही, माहेरी जाईन म्हणाले. त्यांनी करून दिली. कापूस नवा होता, सगळाच्या सगळा. ती पुढच्या खोलीत त्याच खाटेवर घातली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. सासूबाईंची चटई खाली, होती तिथेच.

पहिल्या दुपारी मी तिच्यावर आडवी झाले आणि माझ्या अंगातून इतक्या वर्षांचा शीण निघाला. खाली सासूबाई पडल्या होत्या. खुबा टोचत होता, कूस बदलत होत्या, खोकला परत आला होता. मला राहवेना. मी म्हटलं, "आई, वर या. घरात कोणी नाही. मी दार लावते. तासभर पडा."

वाटलं, येतील. त्यांनी खाटेच्या कडेला हातही लावला. मग तो काढून घेतला.

"नको गं. पुन्हा सवय लागली तर मी मरेन," त्या म्हणाल्या. "तू झोप. तुझा नवरा आहे तोवर झोपून घे."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी झोपले.